न रडणाऱ्या मुलांचं घर

आमच्या पाळणाघरात मूल रडत नाही, हे मी त्या वर्षी भेटेल त्याला सांगत सुटले होते. वाडीत केळीचे घड भरायला आलेल्या गाडीवाल्यालासुद्धा सांगितलं. तेवीस वर्षांची होते, सातवीची फायनल पास झालेली, आणि मंडळात सगळे मला ‘बाई, बाई’ करत. पाय जमिनीवर नव्हते माझे. आज ऐंशीच्या घरात बसून त्या बाईकडे बघते तेव्हा तिला दोन थोबाडीत ठेवून द्याव्याशा वाटतात. पण हात पोचत नाही तिच्यापर्यंत.

देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि वसईच्या बाजूला मंडळांचं पीक आलं होतं. दोन खुर्च्या, एक टेबल आणि हार घालायला एक तसबीर मिळाली की झालं मंडळ. आमचंही तसंच निघालं. अध्यक्ष एक निवृत्त हेडमास्तर, सोबत वसईतले एक डॉक्टर आणि किनाऱ्याकडचे चार-पाच वाडीवाले, त्यात माझे सासरे. सासऱ्यांना सभांचा कंटाळा. त्यांनी मला पुढे केलं. ‘घरात बसून तरी काय करतेस, जा,’ म्हणाले. सुनेला बाहेर पाठवतात म्हणून त्यांचं कौतुक झालं आणि माझी दुपारच्या निवडण-टिपणातून सुटका झाली. मला तेव्हा मूल नव्हतं, तेही एक कारण होतंच. घरात कुणी बोलून दाखवत नसे एवढंच.

मंडळानं ठरवलं होतं की मिठागरावरच्या लोकांच्या मुलींना शिवण शिकवायचं. हाताला काही हुन्नर असला तर पोरी मिठात जाणार नाहीत, असं मास्तर म्हणायचे, आणि ते खरंच होतं. मिठागरावर दहा वर्षं काढलेल्या बाईचे पाय एकदा बघितले की पुन्हा बघवत नाहीत. टाचा फुटून आतपर्यंत चिरा गेलेल्या असतात आणि त्या चिरांत रोज खारं पाणी जातं.

मुली शोधायला आम्ही मिठागराजवळच्या जूचंद्र गावात दारोदार फिरलो. घराघरात तेच. आईबाप उजाडायच्या आधी मिठागरावर गेलेले, उंबऱ्यात बारा-चौदा वर्षांची मुलगी आणि तिच्या कडेवर तिचं भावंड. ‘वर्गाला येशील का?’ विचारलं की मुलगी कडेवरच्या मुलाकडे बघायची. तेच तिचं उत्तर. तिसऱ्या दिवशी मास्तर रस्त्यातच थांबले आणि म्हणाले, ‘मुलगी हवी असेल तर आधी तिच्या कडेवरचं मूल उतरवून घ्यावं लागेल.’ म्हणून आमच्याकडे शिवणाचा वर्ग आणि पाळणाघर एकाच घरात निघालं. त्या काळात असं कुणी ऐकलं नव्हतं. मुंबईहून लोक बघायला आले.

घर म्हणजे एका मिठागरवाल्यानं दिलेली जुनी वखार. भिंतींना इतकं मीठ मुरलेलं की टेकून बसलं तर पाठ ओली व्हायची. बाहेरच्या खोलीत शिवणाची चार मशिनं, आतल्या खोलीत वाशांना टांगलेल्या झोळ्या. झोळ्यांसाठी मी वाडीवाडीतून जुनी लुगडी गोळा केली. आमच्या लोकांनी दिली, ख्रिस्ती घरांतून दिली. लाल, हिरवी, विटलेली, पण मऊ. वीसेक झोळ्या आणि सांभाळायला मी आणि जूचंद्रातलीच एक मावशी. मग मी डोकं चालवलं. पाच-पाच झोळ्या एका दोरीत ओवल्या. एका हातानं दोरी ओढली की पाच मुलं एकदम झुलत. डॉक्टर ते बघून म्हणाले, ‘बाई, तुम्ही इंजिनीयर व्हायला हवं होतं.’ मी ते वाक्य आठवडाभर मनात घोळवत होते.

शिवण शिकवायला एक ख्रिस्ती बाई होत्या. नवरा गेल्यावर शिवणावर तीन मुलांना वाढवलेल्या. पहाटे चर्चमध्ये मिस्साला जाऊन, घरचं आवरून, गळ्यात टेप टाकून त्या नऊच्या ठोक्याला हजर. हातात लाकडी पट्टी. काज तिरकं गेलं की बोटांवर पट्टी बसे, आणि बसल्यावर त्याच बोटं चोळून देत. त्यांची नजर मात्र अधू होत चालली होती. सुईत दोरा ओवायला त्यांना मुली लागायच्या.

पहिले पंधरा दिवस नुसता गोंधळ. एक मूल रडलं की त्याच दोरीवरची बाकीची चार जागी होत. मग सगळी खोलीच. आपल्या भावाचा आवाज बहिणीला गर्दीतूनही ओळखू येतो. बाहेरून एक उठे, मग दुसरी, आणि मशिनं ओस पडत. एके दिवशी बाईंनी कातर खाली ठेवली. ‘हे असंच चालणार असेल तर मला बोलावू नका. मला शिवण येतं, पोरं राखायला नाही आले मी.’

त्यावर मी नियम केला. तो माझाच, मंडळाच्या सभेत नुसती मान डोलावली गेली. ज्या मुलीचं भावंड रडून थांबत नाही तिनं त्या दिवशी त्याला घेऊन घरी जायचं. आणि ज्यांची मुलं शहाण्यासारखी निजतील, त्या मुलींना मशिनवर आधी बसायला मिळेल. मशिनं चार आणि मुली चौदा, काहींची दोन-दोन भावंडं झोळीत. बाकीच्यांनी हातशिलाई करत वाट बघायची. मशिनवर बसायला त्या मुली जीव टाकायच्या, पायाखालची पट्टी हलली की त्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. रोज सकाळी मी दारात उभी राहून शहाण्या बाळांची नावं वाचायची, आणि त्यांच्या बहिणी पुढे यायच्या.

दहा-बारा दिवसांत घर शांत झालं. इतकं शांत की आतल्या खोलीत दोरीची करकर ऐकू यायची.

ती अफू होती. आडून सांगण्यात अर्थ नाही. अफू तेव्हा सरकारी दुकानात पासावर मिळायची; घरातल्या म्हाताऱ्यांचे पास असत. मोहरीएवढी गोळी आईच्या दुधात किंवा मधात उगाळून मुलाला चाटवली की ते पाच-सहा तास निजतं. हे मिठागरावरच्या लोकांतच चालायचं असंही कुणी समजू नये. पुढे मी माझ्या आईला विचारलं, तेव्हा ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, ‘तुलापण देत होतो की. वाडीत विड्याची पानं खुडायच्या दिवसांत तुला घेऊन कोण बसणार होतं?’ मला स्वतःला ती दिलेली होती आणि मला ती ओळखता आली नाही. मूल घामानं भिजून निजायचं, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, दूध प्यायला तोंड उघडायचं नाही. मी वहीत लिहायचे : ‘प्रकृती शांत.’

त्या चौदाजणींत एक मुलगी होती. वय पंधरा असेल, तेही अंदाजे, कारण तिच्या आईला विचारलं तर ती म्हणाली, ‘मोठा पूर आलेला त्या सालची.’ काळीसावळी, हाडकुळी, बोलणं कमी. पण तिच्या हातात जादू होती असं म्हणतात तसं होतं. कापड हातात घेतल्यावर ते कसं पडेल हे तिला न मापता कळायचं. बाई मला एकदा म्हणाल्या, ‘ही मला शिकवील थोड्या दिवसांनी.’ बाईंनी कुणाची स्तुती केलेली मी त्याआधी ऐकली नव्हती आणि नंतरही नाही.

तिच्या कडेवर दहा महिन्यांचा भाऊ होता. वाकड्या मांडीचा, मोठ्या डोक्याचा, हसला की एकच दात दिसायचा. सुरुवातीला आमच्या घरातलं सगळ्यात रडकं मूल तेच. नियम केल्यावर पहिल्याच आठवड्यात ती दोनदा त्याला घेऊन परत गेली. दुसऱ्यांदा जाताना दारात थांबून तिनं मशिनकडे बघितलं. तिच्या मशिनवर दुसरी बसली होती. ‘असू दे,’ मी म्हटलं, ‘उद्या शहाणा होईल.’ आणि उद्याच तो शहाणा झाला. मी सगळ्यांसमोर त्याचं नाव पहिलं वाचलं.

माघ उलटल्यावर मंडळात एक ठराव झाला. बाईंच्या डोळ्यांचं काही खरं नव्हतं, त्यांना हाताखाली मदतनीस हवी होती. उन्हाळ्यात शिवणाची सरकारी परीक्षा होती. त्यात जी पहिली येईल तिला मंडळ पगारावर ठेवणार. ही मुलगी पहिली येणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिच्या आईलाही कळवलं. आई मिठागरावरून थेट तशीच आली, पोटऱ्यांपर्यंत मीठ वाळलेलं, आणि उभ्या उभ्या म्हणाली, ‘ये सालचा सोडते मी तिला. नोकरी लागली तं बेस. नाय लागली तं पुढल्या साली माझ्यासंगं टोपली.’ तिचं काही चुकत नव्हतं. नवरा तापानं अंथरुणाला खिळलेला, आणि दोन हातांत घर चालत नव्हतं. मुलगी मागे उभी राहून ऐकत होती. त्या दिवसापासून ती जेवायच्या सुट्टीतही काजं करत बसायची.

परीक्षेच्या दिवशी मी उजाडतानाच वखारीत पोचले. मुंबईहून परीक्षक बाई येणार होत्या. झाडलोट, सडा, टेबलावर धुतलेली चादर, अबोलीचा गजरा. मावशीला चहाच्या पाण्यावर बसवली. मुली आल्या त्या धुतलेली पातळं नेसून, तेल लावून, घाबरून. ती सगळ्यांच्या आधी आली. भाऊ तिच्या खांद्यावर मान टाकून निजलेला होता. तिनं त्याला झोळीत ठेवलं, झोळीचा काठ नीट केला आणि माझ्याजवळ आली. मी गजरा बांधत होते.

‘बाय, बाराला त्याला उठवाल? थोरी पेज पाजा.’

‘हो, हो, उठवते.’

ती गेली नाही. ‘नाय उठला तरी उठवाच हां.’

‘अगं, हो म्हटलं ना! जा, जागेवर बस. दोरे मोजून घे.’

ती गेली. कशासाठी उठवायचं हे मी विचारलं नाही. आज वाटतं, विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. तिला सांगायचंच होतं, म्हणून ती तेवढी उभी राहिली. मग वाटतं, नसतं सांगितलं. सांगितलं असतं तर मी तिला परीक्षेला बसू दिलं नसतं. हे दोन्ही मी इतक्यांदा उलटून बघितलं आहे की आता त्याला काही चव राहिलेली नाही.

परीक्षक बाई नऊला आल्या. चष्मा, खादीचं पातळ, हसणं नाही. पोलकं शिवायचं होतं, मापावरून कापण्यापासून काज-बटणापर्यंत. मशिनं आळीपाळीनं. बाहेर कातरीचा आवाज, आत दोरीची करकर. परीक्षक बाईंनी मध्येच मान वर केली आणि विचारलं, ‘आत खरंच मुलं आहेत?’ मी म्हटलं, ‘वीस.’ त्यांच्या भुवया वर गेल्या. मला आकाश ठेंगणं झालं.

भिंतीवरच्या घड्याळात बाराचे ठोके पडले. ते मी ऐकले. विसरले नव्हते मी, हे इथे स्पष्ट लिहिते. मी उठले आणि आत गेले. मावशी मागच्या अंगणात चुलीपाशी होती, पेज तयार होती. मी त्याच्या झोळीत हात घातला. कपाळ घामानं चिंब, तोंड अर्धवट उघडं. मी त्याला जरा हलवलं. तो हलला नाही. आणखी जोरानं हलवलं असतं तर कदाचित उठला असता. उठला असता तर रडला असता. सहा पावलांवर परीक्षक बाई बसलेल्या. त्याचा आवाज ऐकला की बहिणीची शिवण वाकडी जाणार, असं मी मनाशी म्हटलं. पुष्कळ वर्षं मी हेच सांगत आले स्वतःला, की मी तिच्या भल्याचाच विचार केला. तसं काही नव्हतं. मला परीक्षक बाईंना माझं न रडणारं घर दाखवायचं होतं. मी झोळीचा काठ खाली सोडला आणि बाहेर येऊन बसले.

दीडच्या सुमारास परीक्षक बाई खरोखरच आत बघायला आल्या. मी पुढे, त्या मागे. झोळ्यांच्या रांगेतून फिरल्या, एका दोरीला हात लावून बघितला. ‘अशी शिस्त मी मुंबईतही पाहिली नाही,’ म्हणाल्या. त्या बाहेर गेल्या आणि मावशी पेज वाटायला आत आली. तिसऱ्या झोळीपाशी ती थांबली.

‘बाय, याचे ओठ बघा.’

ओठ जांभळे पडले होते. श्वास चालू होता, पण एक आला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. मावशी ओरडणार तेवढ्यात मी तिच्या तोंडावर हात ठेवला. हो, ठेवला. बाहेर ती मुलगी काजं करत होती, शेवटचं काम. मी मुलाला लुगड्यात गुंडाळलं आणि मागच्या दारानं निघाले. मिठाच्या राशीकडे जाणारी रिकामी बैलगाडी वाटेत मिळाली, तीच वळवून घेतली. वसईपर्यंत रस्ता उन्हात तापलेला. मी त्याचे तळवे चोळत होते आणि गाडीवान बैलांना शिव्या देत होता.

दवाखान्यात आमच्या मंडळाच्याच डॉक्टरांनी त्याची पापणी बोटानं वर केली आणि लगेच माझ्याकडे बघितलं. ‘अफू किती दिली?’

‘कुठली अफू?’

त्यांनी मला ढकलूनच बाजूला केलं. कडक कॉफी करून आणायला सांगितली, तळव्यांवर चापट्या मारल्या, थंड पाणी मारलं, आणखी काय काय केलं. मी भिंतीला टेकून उभी होते. उन्हं उतरायच्या सुमारास बहीण धावत आली. मावशीकडून कळलेलं शिवणाच्या बाईंनी तिला परीक्षा संपल्यावर सांगितलं होतं. गळ्यात टेप तसाच. तिला कुणी काही विचारायच्या आत ती डॉक्टरांना म्हणाली, ‘दोन. रोजची एकच. आज दोन दिल्या.’ मग ती माझ्याकडे वळली. मी डॉक्टरांच्या कपाटातल्या बाटल्या बघत राहिले.

दिवे लागायच्या आत तो गेला.

आई आली. तिनं मुलाला घेतलं, पदराखाली झाकलं, जणू वारा लागेल. मग मोकळ्या हातानं तिनं मुलीला मारायला सुरुवात केली, दवाखान्याच्या ओट्यावर, तोंडावर, पाठीवर, जिथे बसेल तिथे. मुलगी हात वर करत नव्हती. येणारेजाणारे थांबले. कुणी मध्ये पडलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी वखार बंद होती. मी आणि मावशी झोळ्या सोडत होतो, धुवायला. माझ्यानं राहवलं नाही. ‘मावशी, तुला माहीत होतं?’

‘काय?’

‘गोळीचं.’

ती थबकली. मी तिची परीक्षा बघत्ये असं तिला वाटलं असावं. ‘सगल्याच देतेत ना बाय. तुमाना ठाव नव्हता?’ मी मान हलवली. तिचा विश्वास बसेना. ‘निजलेल्या पोराच्या बहिनीला तुमी मशिनीवर बसवता. आमाना वाटला, तुमानाच तसा पायजे. तुमी शिकलेल्या. तोंडानं बोलत नाय येवढाच.’

चौदाच्या चौदा आया आणि त्यांच्या चौदा मुली, सगळ्यांनी तेच समजून घेतलं होतं. नियम माझा, बक्षीस माझं, आणि त्यांनी आज्ञा पाळली होती. मी खाली बसले. मावशीनं माझ्या हातातलं लुगडं काढून घेतलं आणि धुवायला गेली.

पंधरवड्यानं निकाल आला. ती पहिली आली होती, आणि परीक्षक बाईंनी वेगळं पत्र पाठवून तिच्या काजांचं कौतुक केलं होतं. मंडळाची सभा मास्तरांच्या घरी भरली. मास्तर मनानं वाईट नव्हते. त्यांनी पत्र मोठ्यानं वाचलं, चष्मा काढला, पुसला. म्हणाले, ‘पोरीनं जाणूनबुजून केलं नाही. पण उद्या हिच्या भरवशावर लोक पोरं ठेवतील का?’ वाडीवाले म्हणाले, नाही ठेवणार. शिवणाच्या बाई एकट्या भांडल्या. ‘तिला मुलं राखायला ठेवायची नाहीये, शिवायला ठेवायची आहे,’ त्या म्हणाल्या. पण वर्गाचं आणि पाळणाघराचं घर एकच होतं.

मग मास्तरांनी मला विचारलं, ‘बाई, तुम्ही दिवसभर तिथे होतात. तुमच्या काही लक्षात आलं नव्हतं?’

इथे बोलायला हवं होतं. एवढंच सांगायचं होतं की तिनं मला उठवायला सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं, आणि मी उठवलं नाही. तिनं काळजी घेतली होती, चूक माझी. तेवढ्यावर नोकरी मिळाली असती की नाही कोण जाणे, पण सगळा भार तिच्या एकटीच्या डोक्यावर पडला नसता. सासरे माझ्या शेजारी बसले होते.

‘नाही,’ मी म्हटलं.

मुलीला दारात बोलावून उभी केली होती. मास्तरांनी तिला विचारलं, ‘गोळी दिल्याचं तू कुणाला सांगितलं होतंस का, बाळ?’ ती आता बाराचं सांगणार.

‘नाय,’ ती म्हणाली.

आणि माझा जीव भांड्यात पडला. लाज वाटते, पण तसंच झालं. जागा दुसऱ्या मुलीला दिली.

पाळणाघर महिन्यानं पुन्हा उघडलं. नियम मी काढून टाकला, दारात आयांना उभं करून गोळीबद्दल कडक शब्दांत सांगितलं, आणि मुलं रडायला लागली. डॉक्टर आठवड्याला येऊन पापण्या बघायचे. काम चांगलं चाललं. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुली पुढे शिवणावर जगल्या. पुढे मी त्या मंडळाची अध्यक्षही झाले, आणि माझ्या सत्कारात पाळणाघराचं नाव निघालं की लोक टाळ्या वाजवायचे.

परीक्षेचं सर्टिफिकेट यायला उशीर झाला. ते घेऊन मी पुढच्या हिवाळ्यात जूचंद्रला गेले. खरं तर मावशीबरोबर पाठवता आलं असतं. घरी कुणी नव्हतं, म्हणून मिठागरावर गेले. बांधावरून बायकांची रांग चालली होती, डोक्यावर मिठाच्या टोपल्या. ती मधे होती. मला बघून ती रांगेतून बाजूला झाली, राशीवर टोपली रिती केली आणि आली. पायाला चिंध्या बांधल्या होत्या. सर्टिफिकेट तिनं हाताला मीठ लागलंय म्हणून घेतलं नाही, ‘आईकडे द्या’ म्हणाली. मी तब्येत विचारली, बापाची विचारली. ती उत्तरं देत होती. मला तिची माफी मागायची होती, त्यासाठीच आले होते, आणि शब्द जुळवत होते.

तीच आधी बोलली. ‘बाय, येक विचारू? बाराला तुमी त्याला उठवला ना, तवा पेज घेतली का त्यानी?’

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. सभेत ती मला वाचवत होती असं मी समजत होते. तसं काही नव्हतं. मी उठवलं असेलच, यात तिला शंकाच नव्हती. मी हो म्हटलं होतं ना.

मागे तिची आई रिकामी टोपली घेऊन उभी होती, मुकादम हाका मारत होता. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

‘घेतली,’ मी म्हटलं. ‘दोन घोट घेतली.’

ते तिच्या समाधानासाठी नव्हतं. उठवूनही, पाजूनही तो गेला, म्हणजे दोष गोळीचाच, आणि गोळी तिची. हे मला बोलत असतानाच कळत होतं.

‘बरा जाला,’ ती म्हणाली. ‘उपाशी नाय गेला.’ आणि टोपली उचलून परत रांगेत गेली.